तुमचे प्रश्न: सबफ्रेम कनेक्टर घेताना आधी टोकं बघा, पाइप नंतर

मागच्या अंकात इंजिनची ताकद वाढवली की बॉडीवर काय काय ताण येतो ते लिहिलं होतं, आणि त्यावर आलेल्या पत्रांत एकच विषय परत परत, सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे गाडीच्या पोटाखाली सांगाड्याचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना जोडणारा पाइप. कुठला घेऊ, बोल्टचा का वेल्डिंगचा, किती जाड, आणि मला मुळात लागतो का. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि सगळं सदर यालाच दिलं. पत्रं लांब होती, थोडी कापून घेतलीत.

प्रश्न: ताई, माझ्याकडे १९८९ ची फोर्ड मस्टँग आहे, फॉक्स बॉडी (त्या पिढीच्या बॉडीचं नाव), ५.० लिटर व्ही-८, मॅन्युअल गिअरबॉक्स. एका बाजूला जॅक लावला की त्या बाजूचं दार नीट लागत नाही, आणि पहिल्या गिअरमध्ये जोरात सोडली की मागून कटकट आवाज येतो. जो तो म्हणतो कनेक्टर टाक. पण बोल्टने बसणारे, वेल्ड करायचे, छोटे, पूर्ण लांबीचे, सीटच्या खाली जोडणारे असे इतके प्रकार आहेत की डोकं चालेनासं झालंय. कुठला घेऊ?

उत्तर: आधी गाडीच्या पोटाखाली काय आहे ते डोळ्यासमोर आणा, मग निवड आपोआप सोपी होते. तुमच्या गाडीला ट्रकसारखी वेगळी फ्रेम नाही, बॉडी हीच फ्रेम. पुढून दोन पोकळ रेल निघतात, इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन त्यांच्या भरवशावर, ते फायरवॉलखालून मागे येतात आणि पुढच्या सीटच्या आसपास फ्लोअरखाली संपतात. मागचे दोन रेल मागच्या ॲक्सलच्या थोडं पुढे सुरू होऊन डिकीखाली जातात. मधे, म्हणजे जिथे तुम्ही बसता तिथे, पुढच्या आणि मागच्या रेलना जोडणारं काहीच नाही, तिथला सगळा भार फ्लोअरचा पत्रा, मधला टनेल आणि दाराखालच्या सिल यांच्यावर, आणि तो पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. १९७९ ते १९९३ च्या सगळ्या फॉक्स मस्टँगची हीच रचना.

आता ताकद बघा. तुमच्या इंजिनचा कारखान्याने दिलेला टॉर्क ३०० पाउंड-फूट, म्हणजे ४०७ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.३५. गुणाकार केला तर प्रॉपेलर शाफ्टवर साधारण १३६० न्यूटन-मीटर येतो, आणि शाफ्ट जितका एका दिशेने पिळतो तितकंच इंजिन आपल्या माउंटवर उलट दिशेने पिळतं, मग हा सगळा पीळ इंजिन माउंटपासून मागच्या सस्पेन्शनपर्यंत कशातून जाणार, तर बॉडीतूनच. त्यात क्लच झटक्यात सोडला आणि टायर चिकट असले की क्षणभर आकडा याच्याही वर जातो. म्हणून दाराची फट बदलते, काचेला तडा जातो, आणि ड्रॅग रेसला (सरळ रस्त्यावरच्या वेगाच्या शर्यतीला) वापरलेल्या गाड्यांच्या मागच्या क्वार्टर पॅनलवर सुरकुती पडलेली दिसते.

तुमच्या कटकट आवाजाकडे मात्र आधी बघा, कनेक्टर त्याच्या नंतर. मागचे कंट्रोल आर्म (ॲक्सल बॉडीला जोडणारे दांडे) बॉडीला जिथे बोल्ट होतात त्या खोक्यासारख्या भागाला टॉर्क बॉक्स म्हणतात, आणि फॉक्स गाड्यांत तिथले स्पॉट वेल्ड सुटणं, पत्रा फाटणं हे अगदी नेहमीचं आहे. मागची सीट काढा, कार्पेट उचला, खालून वरून टॉर्च मारून बघा. फाटलेला टॉर्क बॉक्स तसाच ठेवून कनेक्टर बसवला तर मधला भाग ताठ होईल आणि सगळा ताण त्या फाटक्या जागी जास्तच जाईल. आधी तो दुरुस्त करून वरून रीइन्फोर्समेंट प्लेट वेल्ड करून घ्या.

मग कनेक्टर. माझं मत स्पष्ट आहे: वेल्ड करायचा, पूर्ण लांबीचा, आणि मधे सीटच्या माउंटिंगला आडव्या पट्टीने जोडणारा. का ते सांगते, कारण हे कळलं की जाहिरातीतला पाइप कितीही जाड असला तरी तुम्ही फसणार नाही.

कनेक्टर जितका त्याची टोकं चांगली तितकाच चांगला. छोटा कनेक्टर पुढच्या रेलच्या अगदी शेपटाला जोडला जातो, आणि ते शेपूट म्हणजे रेलचा सगळ्यात अशक्त भाग, तिथे रेल उथळ होत होत फ्लोअरला मिळतो. पूर्ण लांबीचा कनेक्टर रेलच्या खालून बराच पुढे, पुढच्या टॉर्क बॉक्सपर्यंत (पुढचा रेल आणि सिल यांना जोडणारं खोकं) जातो, त्यामुळे भार एका बिंदूवर न येता लांबवर वाटला जातो. आणि सीटजवळचा आडवा दुवा का, तर नुसते दोन उभे पाइप गाडीला वाकण्यापासून चांगले वाचवतात पण पिळण्यापासून तितकं नाही. गाडी पिळते तेव्हा डावीकडचा पाइप वर आणि उजवीकडचा खाली असे दोघं आपापल्या वाटेने निघतात, त्यांना एकमेकांशी, फ्लोअरशी, सिलशी बांधलं तरच ते पीळ अडवायला उपयोगी पडतात. शिवाय सीटवर बसलेल्या माणसाचा भार पातळ पत्र्यावर न राहता कनेक्टरवर येतो, हा वेगळा फायदा.

बोल्टवाला वाईट असतो असं नाही पण त्याची मर्यादा ओळखून घ्या. बोल्टचा जोड खरं तर आवळण्याच्या दाबावर टिकतो, दोन पृष्ठभाग एकमेकांवर इतके घट्ट की घसरूच नयेत. पोकळ पातळ रेलमधून बोल्ट आरपार घालून आवळला की रेलच्या भिंती आत दबतात, दाब टिकत नाही, मग जोड किंचित सरकायला लागतो, भोक लांबट होतं आणि थोड्या महिन्यांत तुम्हाला कटकट आवाज नव्याने ऐकू येतो. रेलच्या आत स्लीव्ह बसवली, मोठ्या वायसर नाहीतर प्लेट दिल्या आणि ठराविक काळाने टॉर्क रेंच लावून तपासलं तर बोल्टवाला बरा चालतो. वेल्डिंगची सोय नाही, किंवा गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची आहे, तर तो घ्या. बरेच जण बोल्टने बसवून पुढे मागे त्यावरच वेल्ड मारून टाकतात, तेही ठीक.

प्रश्न: मला दोन प्रकार मिळतायत, एक २ मिमी भिंतीचा चौकोनी पाइप आणि एक ३ मिमीचा. तिसरा क्रोमोलीचा (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत स्टीलचा) आहे, तो तर सगळ्यात ताठ असणार ना?

उत्तर: नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की जरा आकडे मांडूनच उत्तर देते.

ताठपणा आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी. क्रोमोली स्टील तुटायला, कायमचं वाकायला जास्त ताकद लागते, पण त्याच्या आत जितका भार तितकं लवचिक वाकणं हे साध्या माइल्ड स्टीलइतकंच, दोघांचाही इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे धातूच्या ताठपणाचं माप, २०० गिगापास्कलच्या थोडा वर. म्हणजे एकाच मापाचे दोन पाइप, एक साधा एक क्रोमोली, गाडीखाली लावले तर चॅसीच्या ताठपणात फरक शून्य. क्रोमोलीचा फायदा तेव्हा, जेव्हा त्याच मजबुतीसाठी पातळ भिंत वापरून वजन वाचवायचंय, आणि रोल केजमध्ये (गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा आतला पाइपांचा पिंजरा) ते कामाचं आहे. कनेक्टरमध्ये आपल्याला ताठपणा हवाय, तुटायची भीती तिथे पाइपाला नसते, जोडाला असते. ॲल्युमिनियमचा कोणी देत असेल तर त्याचा मॉड्युलस सुमारे ७० गिगापास्कल, स्टीलच्या एक तृतीयांश, आणि तो तुमच्या गाडीला वेल्डही होणार नाही.

आता जाडी. ५० बाय ५० मिमीचा चौकोनी पाइप, २ मिमी भिंत, वजन मीटरला साधारण ३ किलो. तोच ३ मिमी भिंतीचा घेतला तर वजन ४.४ किलो आणि वाकण्याला विरोध सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जितकं वजन वाढलं तितकाही फायदा नाही. पण भिंत २ मिमीच ठेवून पाइप ६० बाय ६० केला तर वजन फक्त ३.६ किलो आणि ताठपणा ७६ टक्के जास्त. आकार मोठा करा, भिंत नको. अडचण एकच, खाली जागा. आणि तिथेच अजून एक मेख आहे, ५० बाय २५ चा आयताकृती पाइप उभा लावला तर तो आडवा लावल्यापेक्षा तिप्पट ताठ असतो, तोच पाइप, तेच वजन. बरेच स्वस्त किट जमिनीपासून उंची राखण्यासाठी पाइप आडवा देतात, दिसायला रुंद भक्कम वाटतो पण काम कमी करतो.

भिंत अगदीच पातळही नको, कारण जॅक कनेक्टरवरच लावला जातो आणि १.५ मिमीची भिंत तिथे चेपते. २ ते ३ मिमी मधलं काहीही चालेल, त्यापलीकडे जाऊन वजन वाढवू नका.

प्रश्न: पुढे स्ट्रट टॉवर बार (पुढच्या सस्पेन्शनचं वरचं टोक जिथे बसतं ते दोन टॉवर जोडणारा दांडा) लावलाय. मग कनेक्टर लागेल का?

उत्तर: हो, दोघांची कामं वेगळी. बार दोन टॉवरना एकमेकांकडे झुकू देत नाही, वळणावर पुढच्या चाकांचा कोन जागेवर राहतो, बस्स. १९६५ च्या, मस्टँगवर बेतलेल्या शेल्बी जीटी३५० मध्ये टॉवर फायरवॉलला बांधणारा एक्स्पोर्ट ब्रेस आणि दोन टॉवरमधला माँटे कार्लो बार दोन्ही दिले होते, ते पुढच्या भागासाठी उत्तमच होतं, पण सीटखालच्या भागाशी त्यांचा संबंध नाही. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी कनेक्टर.

प्रश्न: १९६८ ची कॅमॅरो रिस्टोअर करतोय, पुढची सबफ्रेम सोडवून रंगवून ठेवलीय, मागचा भाग बॉडीलाच आहे. सबफ्रेम बॉडीला रबरी बुशांवर बसते. कनेक्टर वेल्ड केला तर रबराचं काय होणार?

उत्तर: फार योग्य वेळी विचारलंत, सबफ्रेम खाली असताना. पहिल्या पिढीच्या कॅमॅरोत, १९६७ ते ६९, पुढची अर्धी गाडी ही खरोखरची वेगळी फ्रेम आणि मागची अर्धी मोनोकॉक, म्हणजे बॉडी हीच फ्रेम, त्यामुळे सबफ्रेम कनेक्टर हा शब्द तिथे अगदी शब्दशः लागू पडतो.

रबरी बुश मुद्दामच हलू देतात, आवाज आणि धक्के केबिनमध्ये येऊ नयेत म्हणून. आता सबफ्रेमचं मागचं टोक कनेक्टरने बॉडीच्या मागच्या रेलला घट्ट बांधलं आणि बुश रबराचेच ठेवले, तर सबफ्रेम एका बाजूने हलायला मोकळी आणि दुसऱ्या बाजूने जखडलेली. रबराने जो ताण गिळायचा तो सगळा कनेक्टरच्या वेल्डवर येतो आणि तिथून तडे जायला लागतात. म्हणून क्रम असा ठेवा, आधी ॲल्युमिनियमचे घट्ट बॉडी माउंट, नाहीतर निदान पॉलियुरेथेनचे, मग सबफ्रेम बॉडीशी बरोबर चौकोनात आणा, आणि मगच कनेक्टर. सबफ्रेमला आणि बॉडीला अलाइनमेंटसाठी भोकं दिलेली आहेत, त्यात गुळगुळीत रॉड आरपार घालून दोन्ही बाजू जुळवा आणि कर्णाची मापं घेऊन ताडा. एकदा वेल्ड झाला की सबफ्रेम तिरकी राहिली तर ती कायमची तिरकी, चाकांची अलाइनमेंट करणारा मग कितीही शिम (कोन जुळवायच्या पातळ पट्ट्या) घालत बसला तरी गाडी एका बाजूला ओढणार.

तुमच्या गाडीला बोल्टवाला कनेक्टरही विचारात घ्यायला हरकत नाही, कारण पुढची सबफ्रेम जाड आहे, मस्टँगच्या रेलसारखी पातळ नाही, तिथे बोल्ट चांगला धरतो. पुढे बोल्ट आणि मागे वेल्ड अशी जोडणी केली तर पुन्हा कधी सबफ्रेम काढायची वेळ आली तरी कापाकापी नाही. मला स्वतःला तुमच्या गाडीसाठी हीच पद्धत आवडते.

प्रश्न: १९७० ची डॉज चॅलेंजर आहे. फ्लोअरच्या आकाराला जुळवून कापलेले कनेक्टर मिळतात ते चांगले का सरळ चौकोनी पाइप?

उत्तर: फ्लोअरला जुळणारे. सरळ पाइप दोन टोकांना जोडला जातो आणि मधे फ्लोअरपासून लांब लटकतो. जुळवून कापलेला कनेक्टर हा उघड्या तोंडाचा पन्हाळीसारखा असतो आणि पूर्ण लांबीभर फ्लोअरला वेल्ड झाला की फ्लोअर त्याचं झाकण होतो, म्हणजे बंद पेटी तयार होते. पुठ्ठ्याचं खोकं झाकण उघडं असताना हातात धरून पिळून बघा आणि झाकण चिकटवून परत पिळा, तेवढाच फरक इथे आहे. मेहनत मात्र जास्त, फ्लोअरचा डांबरी थर पूर्ण खरवडावा लागतो आणि जुळणी करायला वेळ जातो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या गाडीला पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आहेत, त्यांची मागची टोकं फ्लोअरखालच्या क्रॉसमेंबरमध्ये (आडव्या तुळईमध्ये) अडकवलेली असतात आणि कधी काढायचे झाले तर मागच्या बाजूनेच बाहेर येतात. कनेक्टर बसवायच्या आधी बार बाहेर ओढायला वाट राहते ना ते मोजा. या कंपनीने कन्व्हर्टिबल आणि हेमी नावाच्या ताकदवान इंजिनच्या गाड्यांना कारखान्यातूनच जादा टॉर्क बॉक्स दिले होते, तुमच्या गाडीला नसतील तर कनेक्टरबरोबर तेही घालून घ्या, पुढचा जोड त्याने खूप सुधारतो.

प्रश्न: ताई, मी कॉलेजात आहे, काकाच्या वर्कशॉपमध्ये मिग वेल्डिंग शिकलोय आणि माझ्या फॉक्स मस्टँगचे कनेक्टर स्वतःच बसवायचे ठरवलंय. काका म्हणतो आधी ताईंना विचार. काय काय काळजी घेऊ?

उत्तर: काकाने योग्य सांगितलं, आणि काम चालू असताना त्याला शेजारी उभा ठेव, त्याचं कारण पुढे येतंय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेल्ड करताना गाडीचं वजन चाकांवर हवं. दोन खांबांच्या लिफ्टवर बॉडी उचलून चाकं लटकत ठेवलीस तर पुढचं मागचं खाली झुकतं, आणि त्या झुकलेल्या अवस्थेतच तू गाडी कायमची जखडून टाकशील. गाडी वर चढवून उभी करता येईल असा चार खांबांचा लिफ्ट नाहीतर भक्कम रॅम्प, ते नसेल तर मागे ॲक्सलखाली आणि पुढे लोअर आर्मखाली स्टँड, सपाट जमिनीवर, चारही सारख्या उंचीला. मग दोन्ही दारं उघडून लावून बघ, फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का. दार आत्ता नीट लागत नसेल तर पुढे जाऊ नकोस, कारण वेल्डनंतर ते सुधारणार नाही.

रेल आधी तपास. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ, कुठे मऊ लागलं, आत गेला, तर तिथे गंज आहे आणि गंजलेल्या पत्र्याला वेल्ड धरत नाही, नुसता दिसायला धरतो. तो भाग कापून नवा पत्रा घाल, मगच कनेक्टर.

आता आग. सीट, कार्पेट, खालचं फेल्ट सगळं काढ, नुसतं बाजूला सारून चालत नाही. फ्लोअरच्या आतला डांबरी थर जिथे वेल्ड येणार तिथून खरवडून काढ, तो पेट घेतो. पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या लाइन रेलच्या जवळून जातात, क्लिपमधून सोडवून दूर बांध, जमत नसेल तर लाइन रिकामी करून काढूनच ठेव. बॅटरी सोडव, वेल्डिंगची अर्थ क्लँप वेल्डच्या अगदी जवळ स्वच्छ धातूवर लाव. तू खाली असशील तेव्हा काका गाडीच्या आत अग्निशामक घेऊन बसलेला हवा, कारण आग आत लागते आणि खालून ती दिसत नाही. काम संपल्यावरही निदान अर्धा तास गाडी सोडून जाऊ नकोस.

आणि हे विसरू नकोस: क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वेल्डच्या जागी अजिबात वापरायचा नाही. तो वेल्डिंगच्या आर्कजवळ आला की फॉस्जीन वायू तयार होतो, थोडासाही जीवघेणा ठरू शकतो. ॲसिटोनने पूस आणि पूर्ण उडू दे. पत्र्याला जस्ताचा थर असेल तर तोही घासून काढ, जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो, दारं खिडक्या उघड्या ठेव आणि मास्क लाव.

वेल्डिंग स्वतः असं कर. ०.८ मिमीची वायर पुरते. कनेक्टर जाड आणि गाडीचा पत्रा पातळ, म्हणून आर्क जाड पाइपवर ठेवायची आणि वितळलेला धातू पातळ पत्र्यावर अलगद आणायचा, उलटं केलंस तर पत्र्याला भोकं पडतील. आधी दोन्ही बाजूंना टाके मारून घे, परत दारं तपास, मग २५ मिमीचा वेल्ड, थोडी जागा सोडून दुसरा, आणि लगेच दुसऱ्या बाजूला जा. डावी उजवी, पुढे मागे असं फिरत राहा, एकाच जागी लांब वेल्ड ओढला की उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि गाडीच वाकडी होते. कनेक्टर आणि रेलमधे फट असेल तर ती वेल्डने भरू नकोस, कनेक्टर घासून जुळव किंवा मधे पट्टी घाल.

शेवटी वेल्ड ब्रशने साफ करून एपॉक्सी प्रायमर, वरून सीम सीलर, मग रंग. आतून फ्लोअरच्या बाजूनेही कर, तिथला रंग उष्णतेने जळालेला असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. बंद पाइपच्या आत कॅव्हिटी वॅक्स मार आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला छोटं भोक ठेव. कार्पेट सगळं वाळल्यावरच परत घाल.

प्रश्न: कन्व्हर्टिबल आहे. छप्पर नाही त्यामुळे खड्ड्यातून गेली की आरसा आणि डॅशबोर्ड थरथरतो. कनेक्टरने थांबेल?

उत्तर: कमी होईल, थांबणार नाही. छप्पर हा पेटीचा वरचा भाग असतो, तो काढला की पीळ अडवणारी बंद पेटी उरत नाही, सगळं काम फ्लोअर आणि सिलवर. कारखान्यांनाही हे माहीत होतं, पहिल्या पिढीच्या कॅमॅरो कन्व्हर्टिबलमध्ये तर थरथर मारायला कोपऱ्यांत जड वजनाचे डॅम्पर बसवून दिलेले असत. तुमच्या गाडीला मी नुसते कनेक्टर घालणार नाही, त्यांच्याबरोबर दोन्ही कनेक्टर जोडणारा एक्स आकाराचा ब्रेस फ्लोअरखाली घ्या आणि कनेक्टर जमेल तिथे सिललाही पट्ट्यांनी बांधा. एक्स ब्रेस पिळण्याला थेट विरोध करतो. फक्त सायलेन्सरचे पाइप आणि प्रॉपेलर शाफ्ट यांना जागा राहील असाच घ्या, आणि ब्रेस बोल्टने काढता येणारा असू द्या नाहीतर गिअरबॉक्स उतरवताना मेकॅनिक तुमच्यावर चिडेल आणि त्याचं बरोबर असेल. कन्व्हर्टिबलच्या बाबतीत वेल्ड करताना दारांची फट दर टप्प्याला तपासा, ही गाडी स्टँडवर कूपेपेक्षा कितीतरी जास्त झुकते.

प्रश्न: माझी गाडी नवी आहे, पाच सहा वर्षांपूर्वीची टर्बो हॅचबॅक, ट्रॅक डे साठी वापरतो. मलाही कनेक्टर घालायचेत.

उत्तर: नका घालू. आजच्या चांगल्या बॉडीचा पिळण्याला विरोध बऱ्याचदा २०,००० न्यूटन-मीटर प्रति अंशाच्या वर असतो, रेल पुढून मागेपर्यंत जोडलेलेच असतात, तुम्हाला फरक जाणवणार नाही आणि नुकसान मात्र होऊ शकतं. सिल आणि पिलरमध्ये आता गरम दाबून बनवलेलं बोरॉन स्टील असतं, त्याची मजबुती १५०० मेगापास्कलच्या आसपास, आणि त्याला वेल्डची उष्णता लागली की शेजारचा पट्टा मऊ पडतो. अपघातात ताकद कुठून कुठे जायची हे त्या बॉडीत आखलेलं असतं, त्यात मधेच आपण नरम जागा तयार करायची नाही. टायर, ब्रेक पॅड, बुश यावर खर्च करा, आणि गाडी पूर्णच ट्रॅकची होणार असेल तर नीट बांधलेला रोल केज, जो ताठपणाही देतो आणि जीवही वाचवतो. केज रस्त्यावर हेल्मेटशिवाय डोक्याजवळ धोक्याचा असतो हेही ध्यानात घ्या. आणि स्पर्धेत उतरत असाल तर आपल्या वर्गाच्या नियमांत चॅसीला काय जोडायला परवानगी आहे ते आधी वाचा.

प्रश्न: बसवल्यावर खरंच फरक पडला का हे मला कसं कळेल? मनाची समजूत तर नाही ना?

उत्तर: मोजा. आधी आणि नंतर, एकाच जागी, एकाच पद्धतीने. सोपी रीत अशी की सपाट जमिनीवर पुढच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावा, दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे फट असते, तिथे फीलर गेज किंवा कॅलिपरने माप घ्या, चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला आणि परत माप घ्या. किती मिलिमीटर बदललं ते लिहून ठेवा. कनेक्टरनंतर त्याच जॅक पॉइंटला तितकंच उचलून परत.

जास्त नीट करायचं असेल तर मागचा भाग दोन्ही बाजूंनी स्टँडवर पक्का धरा, पुढे मधोमध एका आधारावर डुलेल अशी गाडी टेकवा, एका बाजूला ठरलेलं वजन ठेवा आणि दोन्ही रेलखाली डायल गेज लावून कोण किती खाली वर गेला ते वाचा. रेलमधलं अंतर माहीत असलं की कोन निघतो, १५०० मिमी अंतरावर १ मिमीचा फरक म्हणजे ०.०३८ अंश, आणि वजन गुणिले मधल्या आधारापासूनचं अंतर याला कोनाने भागलं की ताठपणाचा आकडा मिळतो. सस्पेन्शन मधे आलं तर आकडा खोटा येतो, म्हणून गाडी चाकांवर नाही, थेट रेलवर टेकलेली हवी, आणि गाडीखाली जादा स्टँड ठेवल्याशिवाय हे करू नका.

चालवताना जे जाणवेल ते असं: चॅसी ही सस्पेन्शनच्या स्प्रिंगला जोडलेली अजून एक स्प्रिंग असते, ती मऊ असली की अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) किंवा शॉक बदलल्याचा परिणाम तिच्यातच विरून जातो. कनेक्टरनंतर या बारचं जोडायचं एक भोक बदललं तरी गाडी उत्तर देते, हे तुम्हाला पहिल्या काही दिवसांतच कळेल. काही जणांना डॅशबोर्डची करकर गेलेली आधी कळते. आणि काही जणांना उलट रस्त्याचा आवाज थोडा जास्त येतो, तेही नॉर्मल आहे. एक करा, पहिल्या हजार किलोमीटरनंतर गाडी वर घेऊन सगळे वेल्ड, मागचे टॉर्क बॉक्स आणि पुढच्या क्रॉसमेंबरचे बोल्ट तपासा, कारण मधला भाग ताठ झाला की ताण पुढच्या कमजोर जागेकडे सरकतो आणि रंगाला पडलेली बारीक केसासारखी रेघ ही तिथली पहिली खूण असते.